वादळाआधी घोड्याला ट्रेलरची सवय : खर्च किती, कशावर?

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने ब्रॅझॉस नदी फुगली आणि टेक्ससच्या फोर्ट बेंड काउंटीत अनेक वस्त्यांना घरं सोडावी लागली. याच काउंटीतल्या शुगर लँडच्या आसपास तबेल्यात मुलांचा घोडा ठेवला असेल, तर हे लक्षात असू द्या : घोडा चढायलाच तयार नसेल, तर दारात उभा असलेला ट्रेलर फुकट. वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. तेव्हा जागं होणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

खालचे आकडे ढोबळ आहेत. तबेला आणि अंतर यांनुसार ते बदलतात.

प्रशिक्षक : एका शिकवणीचे ६० ते १०० डॉलर. पैसे खर्चावेत ते आधी इथे. चार शिकवण्या धरल्या तर २४० ते ४०० डॉलर. उन्हातून अंधारात गेल्यावर घोड्याच्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. त्यात पायाखालची फळी पोकळ वाजते. म्हणून ट्रेलरची सगळी दारं उघडी ठेवून आत उजेड येऊ द्यावा. आधी फक्त पुढचे पाय रॅम्पवर, मग मागे. पाऊल पुढे पडताच दोर सैल सोडायचा. घोड्याला तेच बक्षीस. उलट्या पावली उतरणंही तितकंच घोटून घ्यावं. मग दार लावणं, इंजिन सुरू करणं आणि शेवटी छोटी फेरी. चाबूक आणि घाई दोन्ही घरी ठेवा.

ट्रेलर भाड्याने : दिवसाला ७५ ते १५० डॉलर. दोन घोड्यांचा नवा ट्रेलर बारा-पंधरा हजारांच्या पुढे जातो आणि तो ओढायला दमदार ट्रकही हवा. वर्षातून चार-पाच फेऱ्या असतील तर घेऊ नका. सरावासाठी तबेल्याचाच ट्रेलर मिळतो का, हे आधी विचारा.

चालकासह वाहतूक : जवळच्या फेरीला १०० ते २०० डॉलर. कॉलेज स्टेशनचं टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचं पशुरुग्णालय साधारण शंभर मैलांवर आहे. तिथल्या फेरीला त्याहून बरेच जास्त पडतील. परतीचे मैल आणि थांबण्याचे पैसे वेगळे लागतात का, ते लेखी घ्या.

पशुवैद्य : भेट आणि कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची रक्तचाचणी) मिळून १०० ते २०० डॉलर. स्पर्धेला किंवा जत्रेला नेताना बारा महिन्यांच्या आतला निगेटिव्ह अहवाल मागतात. गुंगीचं औषध पशुवैद्याने सांगितल्याशिवाय देऊ नका. त्याने भीती जात नाही, तोल मात्र जातो.

फुकटातली काळजी सर्वांत मोलाची. चढवताना आधी मागचा आडवा दांडा लावा, मग घोडा बांधा. उतरवताना आधी दोर सोडा, मग दांडा काढा. क्रम चुकला तर बांधलेला घोडा मागे ओढ घेतो. दोर इतका लांब हवा की मान खाली घालून त्याला नाक मोकळं करता येईल. लांबच्या प्रवासात दर तीन-चार तासांनी पाणी दाखवा. टेक्ससच्या उन्हात सिग्नलवर थांबलेला ट्रेलर तापतो, म्हणून पहाटे रस्ते मोकळे असताना निघा.

हाताशी चारशेच डॉलर असतील, तर चारही शिकवण्यांवर घाला आणि मे संपण्याआधी.