एकच प्रोग्राम, अनेक यंत्रे : भाषा कोणती निवडावी?

आपल्या शाळेतून बाहेर पडून पुण्यात व हैदराबादेत संगणकक्षेत्रात स्थिरावलेले काही माजी विद्यार्थी शाळेसाठी मराठी शुद्धलेखनाच्या सरावाचा एक प्रोग्राम तयार करून देणार आहेत. तो कोणत्या भाषेत लिहावा, याविषयी त्यांच्यात एकमत नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तथापि हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोडावा असे आम्हांस वाटत नाही.

शाळेच्या संगणककक्षात विंडोज आहे, एकदोन यंत्रांवर लिनक्स आहे आणि पालकांच्या हाती स्वस्तातले अँड्रॉइड मोबाइल आहेत. दिवाळीच्या सुटीत आईवडिलांकडे ऊसतोडीच्या फडावर जाणाऱ्या मुलांनाही हा सराव करता आला पाहिजे, आणि तेथे नेटवर्कचा भरवसा नसतो.

प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र प्रोग्राम लिहिणे हा एक मार्ग. सम्राट अशोकाने काहीसे असेच केले होते. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीचे लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत, तर कंदाहारचा लेख ग्रीक व आरामाइकमध्ये. परंतु अशोकाच्या पदरी साम्राज्याचे लेखनिक होते. आपल्यापाशी रविवारी सवड काढणारे तीनचार तरुण आहेत.

म्हणून एकदाच लिहून सर्वत्र चालेल अशी भाषा हवी. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेमुळे प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे सुकर झाले. मात्र प्रत्येक यंत्रासाठी त्याचे रूपांतर निराळे करावे लागते. 1995 साली आलेल्या जावाने मध्ये एक दुभाषी बसवला. प्रोग्रामचे मधले रूप एकच, आणि ज्या यंत्रावर तो दुभाषी असेल तेथे ते चालते. तरीही संगणकासाठी जावात रचलेले पडदे अँड्रॉइडवर जसेच्या तसे चालत नाहीत.

मराठीची कसोटी आणखी वेगळी. ‘मुरुम’ या शब्दात अक्षरे किती? पहिलीचे मूल तीन म्हणेल. युनिकोडमध्ये उकार स्वतंत्र मोजले जात असल्याने जावा व पायथन पाच सांगतात. सी भाषेची नेहमीची मोजणी तर पंधरा सांगते, कारण नेहमीच्या साठवणुकीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. शुद्धलेखनाच्या प्रोग्रामात ऱ्हस्वदीर्घाचे गुण याच मोजणीवर ठरणार असतील, तर ही बाब किरकोळ नव्हे. जावास्क्रिप्टही मुळात पाचच म्हणते, परंतु वाचकाला दिसणारी अक्षरे मोजण्याची तयार सोय नव्या ब्राउझरांत आहे.

रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत 2007 साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे छोटे लॅपटॉप आले. त्यांवरील ‘शुगर’ हा मुलांसाठीचा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलेला होता. भाषा उत्तम, वाचायला सोपी. पण पुढे घरोघरी टॅबलेट आणि मोबाइल आले, आणि त्यांवर शुगर सहजी नेता येईना. अखेर तोच विचार जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावा लागला. ब्राउझर असेल तेथे चालणाऱ्या या रूपास ‘शुगरायझर’ म्हणतात.

आमचा कौलही जावास्क्रिप्टलाच आहे. भाषा म्हणून ती फार देखणी आहे असे कोणी म्हणत नाही, पण ब्राउझर शाळेतही आहे आणि फडावरही. एकदा उघडलेले पान साठवून नेटवर्कविना चालवता येते. मात्र ती सोय प्रोग्रामात मुद्दाम लिहावी लागते, आणि मोबाइल भरला की ब्राउझर तो साठा पुसूही शकतो. तेव्हा सुटीला निघण्याआधी प्रत्येक पालकाच्या मोबाइलवर पान उघडून, नेटवर्क बंद करून ते चालते का हे पाहावे लागेल. ते काम शिक्षकांनी अंगावर घ्यावे.

मुलांना प्रोग्राम लिहायला शिकवताना मात्र आरंभ पायथननेच करावा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे मराठी आवाजातील धडे त्यासाठी उपयोगी पडतील. माजी विद्यार्थ्यांस एवढीच विनंती, की प्रोग्रामचे मूळ लेखन शाळेच्या संगणकावर ठेवावे आणि त्यातील टिपा मराठीत लिहाव्यात. पुढे कधी तो बिघडला, तर दहावीतली एखादी मुलगी तो उघडून वाचू शकेल.