‘हातपाय तर धड आहेत’ म्हणून दाखला नाकारता येतो का?

प्रश्न : आम्ही पावरा, म्हणजे अनुसूचित जमातीतले (एसटी). धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे, रिपोर्टवर ‘एसएस’ लिहिलंय. कळा सुरू झाल्या की आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळते. दिव्यांग दाखल्यासाठी जिल्ह्याला नेलं, तर ‘हातपाय तर धड आहेत’ म्हणत खिडकीवरूनच परत पाठवलं. वर, ‘एसटीची सवलत आहे ना, मग ही कशाला?’ असंही ऐकवलं. बारावी झाली आहे. काय करावं?
– एक वाचक, धडगाव

उत्तर : खिडकीवरच्या माणसाच्या डोक्यात अजून १९९५चा कायदा असावा. त्यात सिकलसेल नव्हता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो नावानिशी आहे. (नुसत्या वाहकाला, म्हणजे ‘एएस’ला, हा लाभ नाही.) अपंगत्वाचे टक्के ठरवायचे ते वैद्यकीय प्राधिकाऱ्याने, खिडकीने नव्हे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट, दवाखान्याची डिस्चार्ज कार्डं, रक्त चढवल्याच्या नोंदी जोडा. नकार दिलाच, तर कलम ५८ प्रमाणे तो लेखी मागा. कलम ५९खालचं अपील त्यावरच उभं राहतं. तोंडी नकाराविरुद्ध भांडायचं कुठे?

आता दुसरा टोमणा. दिव्यांगांचं आरक्षण समांतर आहे. ते जमातीच्या आरक्षणाला छेदून जातं, त्याच्या बदल्यात येत नाही. दाखल्यावर ४० टक्के किंवा जास्त आले, तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांतल्या ५ टक्के जागांसाठी तिचा विचार व्हायला हवा, वयातही ५ वर्षांची सूट आहे. तिची जागा एसटीतच मोजली जाईल, म्हणून जमातीचं वैधता प्रमाणपत्र आत्ताच मार्गी लावा. प्रवेशाच्या तोंडावर खरी दमछाक तिथेच होते.

नोकरीचं मात्र वेगळं आहे. कलम ३४च्या ४ टक्के आरक्षणात सिकलसेलसारखे रक्ताचे आजार नाहीत. ज्या आजाराने आदिवासी पट्ट्यातली घरंच्या घरं पोखरली, तो शिक्षणाला चालतो आणि नोकरीला वगळला जातो. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. पण एक बघा : ती लंगडते का, मांडी घालून बसताना खुब्यात दुखतं का? सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा निकामी होऊ शकतो. तसं असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाकडून चालण्याच्या अपंगत्वाचीही तपासणी मागा. तेवढ्यावरच ४० टक्के भरले, तर ४ टक्क्यांचं दार तिलाही उघडतं.