काचेच्या टाकींतील कच्चें पाणी

हल्लीं तालुक्याच्या गांवींहि काचेच्या टाक्या व रंगीत मासे विकत मिळूं लागल्यापासून मुलांच्या हट्टापायीं तीं पुष्कळ घरांत शिरलीं आहेत. परंतु महिन्याभरांत मासे मरतात व टाकी माळ्यावर जाते, असा बहुतेकांचा अनुभव. आमचाहि पहिला अनुभव हाच. टाकी आणली त्याच दिवशीं आम्हीं तींत विहिरीचें नितळ पाणी भरून पंधरा झेब्रा डॅनिओ सोडले. दहाव्या दिवसापर्यंत नऊ मेले. पाणी शेवटपर्यंत आरशासारखें स्वच्छ दिसत होतें, म्हणून कारण समजण्यास आम्हांस फार उशीर लागला.

हा मासा नांवावरून परका वाटला तरी मूळचा आपल्याच देशाचा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेंतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. संथ ओढे, डबकीं व भातखाचरें हीं त्याचीं घरें. लांबी दीड इंच, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे. आपल्या हवेंत त्यास पाणी तापविण्याचें यंत्र बहुधा लागत नाहीं.

आतां मरणाचें कारण. मासे जें खातात त्यांतील नत्र अमोनियाच्या रूपानें पाण्यांत उतरतो, व तो त्यांस विष आहे. शेतांत अमोनियम सल्फेट टाकल्यावर जमिनींतील जंतु त्याचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करितात, हें वाचकांस ठाऊकच आहे. हेच काम टाकींतहि जंतूच करितात. पण नव्या टाकींत ते नसतात, आणि पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळांत आधीं अमोनिया व मागाहून नायट्राइट सांचतें. नायट्राइटानें माशांचें रक्त प्राणवायु वाहण्यास निकामी होतें, आणि मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात. पाणी अल्कधर्मी असल्यास अमोनियाचें विष अधिक चढतें; काळ्या जमिनीच्या मुलखांतील विहिरींचें पाणी बहुधा असेंच असतें.

म्हणून माशांआधीं पाणी पिकवावें. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकींत धुतलेली वाळू घालून स्पंजाची गाळणी हवेच्या पंपावर अहोरात्र चालूं ठेवावी, व रोज चिमूटभर माशांचें खाद्य टाकावें. जंतूंस अन्न पाहिजे तें हेंच. तपासणीचें औषध दुकानांत मिळतें. अमोनिया व नायट्राइट एकदां वर चढून पुन्हां शून्यावर आलीं म्हणजे पाणी तयार झालें. कोणा स्नेह्याची जुनी निरोगी टाकी असेल तर तिचा स्पंज आपल्या टाकींत पिळावा. हें विरजणच होय; दिवस पुष्कळ वांचतात. पुढें स्पंज धुणें तो टाकींतूनच काढलेल्या पाण्यांत धुवावा. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतूंस मारतें, व मासे पुन्हां कच्च्या पाण्यांत पडतात.

डॅनिओ हा थव्याचा जीव आहे. दोन-तीनच ठेवल्यास एकमेकांच्या मागें लागून दुबळ्यास जिणें नकोसें करितात. आधीं सहा सोडावे, पंधरवड्यानें आणखी चार. दहांच्या वर या टाकींत नकोत, दुकानदार कांहींहि सांगो. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें. डांसांच्या अळ्या मिळाल्या तर उत्तम. आठवड्यास चौथाई पाणी बदलावें. झांकण अवश्य ठेवावें, कारण हा मासा उडी मारतो.

शेतकऱ्याच्या घरीं आणखी एक धोका आहे, तो शहरांतील पुस्तकांत फारसा आढळत नाहीं. फवारणीच्या औषधांपैकीं पायरेथ्रॉइड वर्गाचीं औषधें माशांस अत्यंत घातक असून लेशमात्रहि पुरतात. फवारणी करून आलेला हात टाकींत घालूं नये, फवारणीची बादली पाणी बदलण्यास घेऊं नये, व नुकत्याच फवारलेल्या शेतालगतच्या विहिरीचें पाणी त्या दिवसांत वापरूं नये. आम्हीं टाकीकरितां एक बादली निराळी ठेविली असून तिच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला आहे.