एकाच संगणकावरील अनेक आवृत्त्या आणि त्यांचे विस्तारक

उद्दिष्टे
हा उपघटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• विस्तारक आणि आवृत्ती यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• प्रत्येक आवृत्तीसाठी विस्तारक बसवून त्याची पडताळणी करता येईल.

विषय-विवेचन
विद्यार्थी मित्रहो, ‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती, असे विचारल्यास आपण तीन म्हणाल. पीएचपी या संगणकभाषेचे मूळ लांबीमापक फलन मात्र १५ हे उत्तर देते. कारण ते बाइट मोजते. ‘एमबीस्ट्रिंग’ हा विस्तारक युनिकोडमधील चिन्हे मोजून ५ सांगतो (म, र, आकार, ठ, ईकार). ‘इंटल’ या विस्तारकातील अक्षरमोजणीचे फलन ३ सांगते. शब्दसंग्रहाचा अभ्यास करणाऱ्यास हेच उत्तर हवे असते.

जुना प्रोग्राम ७.४ या आवृत्तीवर आणि नवा ८.२ वर चालत असेल, तर दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर ठेवाव्या लागतात. अशा वेळी ‘इंटल एकदा बसविला, म्हणजे झाले’ हा समज चुकीचा ठरतो. विस्तारक संगणकाचा नसतो, तर आवृत्तीचा असतो. व्याकरणातील उदाहरण घ्या : ‘मुलाला’ आणि ‘मुलांना’ यांत विभक्तीचे कार्य एकच असले, तरी एकवचनाचा ‘ला’ अनेकवचनास चालत नाही. त्याचप्रमाणे विस्तारकाचे कार्य एकच असले, तरी ७.४ साठी सिद्ध केलेली फाइल ८.२ स्वीकारत नाही. प्रत्येक आवृत्तीस अंतर्गत क्रमांक असतो : ७.४ चा २०१९०९०२, तर ८.२ चा २०२२०८२९. हे क्रमांक जुळले नाहीत, तर विस्तारक नाकारला जातो.

कार्यपद्धती (उबुंटू प्रणाली)
१. मूळ भांडारात सहसा पीएचपीची एकच आवृत्ती असते. दुसरीसाठी अतिरिक्त भांडार जोडावे.
२. पॅकेजच्या नावात आवृत्ती लिहावी. ‘पीएचपी ७.४-इंटल’ आणि ‘पीएचपी ८.२-इंटल’ ही दोन स्वतंत्र पॅकेजे आहेत, दोन्ही बसवावीत.
३. नुसती ‘पीएचपी’ ही आज्ञा पूर्वनिश्चित आवृत्तीच चालविते. म्हणून आवृत्तीसह आज्ञा देऊन, ‘एम’ या पर्यायाने प्रत्येकीची विस्तारक-यादी पाहावी.
४. आज्ञापटल आणि वेब-सर्व्हर यांची मांडणी वेगवेगळ्या फोल्डरांत असते. एका ठिकाणी विस्तारक सुरू असला, म्हणजे दुसरीकडेही असेलच असे नाही. बदलानंतर वेब-सर्व्हर पुन्हा सुरू करावा.

विस्तारक नसल्यास प्रोग्राम ‘फलन सापडले नाही’ असे सांगून थांबतो. ही त्रुटी निदान लक्षात येते. मात्र त्यावर उपाय म्हणून मूळ लांबीमापक वापरल्यास प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि सर्व आकडे चुकतात. म्हणून प्रकल्प-अहवालात आवृत्ती आणि विस्तारक यांची नोंद अवश्य करावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. ‘मराठी’ या शब्दाची १५, ५ आणि ३ ही तीन उत्तरे कशामुळे मिळतात?
२. ‘विस्तारक आवृत्तीचा असतो’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.