खेळ आणि अभ्यास

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. निगडी, आकुर्डी, भोसरी, चाकण या भागांतील रस्त्यांवर कारखान्यांच्या बसगाड्या धावू लागल्या आहेत. पहिल्या पाळीचे कामगार हाती डबा घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर उभे आहेत. त्याच वेळी काही घरांतून मुले आणि मुलीही बाहेर पडतात. त्यांच्या खांद्यावर दप्तर नसते. खेळाच्या साहित्याची पिशवी असते. कोणी पिंपरीतील नेहरूनगरच्या मैदानाकडे वळतो, तर कोणी मुळा नदी ओलांडून म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडानगरीकडे जातो. १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या क्रीडानगरीत सूर्य उगवण्यापूर्वीच चेंडूचे आवाज घुमू लागतात.

पण दहावीचे वर्ष जवळ आले, की या मुलांच्या घरी एक प्रश्न हमखास उभा राहतो. वडील म्हणतात, "बाळ, आता खेळ पुरे. खेळाने पोट भरत नाही." मूल खाली मान घालते. पिशवी खुंटीला लागते आणि पुष्कळदा ती पुन्हा खाली निघत नाही.

वडिलांचे बोलणे खोटे नसते. खेळाडूचे आयुष्य थोडे असते. एखादी दुखापत झाली, तर ते एका दिवसातही संपते. विद्या मात्र जन्मभर सोबत करते. मुलाचे दुःखही खोटे नसते; कारण जे शरीर आणि जे मन बाराव्या-तेराव्या वर्षी घडते, ते पंचविसाव्या वर्षी नव्याने घडविता येत नाही. मग या दोहोंतून एकाची निवड करावीच लागते काय? की खेळ आणि अभ्यास एका घरात नांदू शकतात?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी मिळाले होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे कुस्तीगीर खाशाबा जाधव १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. पुढील ऑलिंपिक १९५२ साली हेलसिंकी येथे व्हायचे होते. तेथे जाण्यासाठी पैसा हवा होता, आणि तो खाशाबांपाशी नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले, त्याचे प्राचार्य खर्डेकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आपले राहते घर गहाण ठेवून त्यांनी सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक क्रीडाप्रकारातील ते पहिले ऑलिंपिक पदक होय. गुरूच्या घराचे कर्ज शिष्याने अशा रीतीने देशाच्या पदरात घातले.

एका प्राचार्याने स्वतःच्या घरावर बोजा चढवून जे केले, तेच अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे नियमाने आणि व्यवस्थेने करतात. उत्तम खेळणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे शिष्यवृत्ती मिळते. ती पूर्ण असेल, तर शिक्षणाचे शुल्क, राहणे, जेवण आणि पुस्तके यांचा खर्च विद्यापीठ करते. पुष्कळांना मात्र ती अंशतःच मिळते. त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या संघाकडून खेळावयाचे असते.

या व्यवस्थेचा इतिहास मनोरंजक आहे. १९०५ सालच्या हंगामात तेथील महाविद्यालयांच्या फुटबॉल सामन्यांत अनेक तरुण जायबंदी झाले आणि काही प्राणास मुकले. हा खेळ बंदच करावा, अशी मागणी होऊ लागली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी काही विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्याचा आग्रह धरला. त्यातून १९०६ साली विद्यापीठांची एक क्रीडासंघटना स्थापन झाली. आज तेथील बहुतेक मोठी विद्यापीठे तिचे नियम पाळतात. त्या नियमांचे सार एका वाक्यात सांगता येईल : खेळाडू हा प्रथम विद्यार्थी असला पाहिजे. त्याने ठरावीक तासांचे वर्ग घेतलेच पाहिजेत. परीक्षेतील गुण ठरलेल्या पातळीखाली गेले, तर तो कितीही चांगला खेळाडू असो, त्याला सामन्यात उतरता येत नाही. हंगामात सरावाला आठवड्याचे वीस तास ही मर्यादा आहे आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा असतो.

मुलींना या मैदानावर समान जागा मिळण्यास आणखी बराच काळ जावा लागला. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा आणि मुलगी असा भेद करता कामा नये, असे त्या कायद्याने ठरविले. त्यानंतर विद्यापीठांना मुलींचे संघ वाढवावे लागले आणि मुलींनाही शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. कागदावरील काही ओळींनी हजारो मुलींना मैदान मोकळे करून दिले.

या दारातून परदेशचे विद्यार्थीही आत येतात. ऑस्ट्रेलियातील बास्केटबॉल खेळाडूंचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मुळात हा खेळच शाळेत जन्मला. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे, म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितले. पुढे ऑस्ट्रेलियाचे कितीतरी तरुण या खेळाच्या जोरावर अमेरिकन महाविद्यालयांत गेले. अँड्र्यू बोगट युटा विद्यापीठात शिकला आणि खेळला. पॅटी मिल्स आणि मॅथ्यू डेलावेडोवा हे दोघे कॅलिफोर्नियातील सेंट मेरीज महाविद्यालयाचे विद्यार्थी. टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाने स्लोव्हेनियाला १०७ विरुद्ध ९३ गुणांनी हरवून कांस्यपदक जिंकले. बास्केटबॉलमधील त्यांच्या पुरुषांचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. त्या संघात मिल्स आणि डेलावेडोवा दोघेही होते, आणि एकट्या मिल्सने त्या सामन्यात ४२ गुण मिळविले. परक्या देशाच्या महाविद्यालयात कमावलेले कौशल्य अशा रीतीने स्वदेशाच्या कामी आले.

आपल्या महाराष्ट्रातूनही काही खेळाडू या वाटेने गेले आहेत. त्यांचा खेळ बास्केटबॉल नव्हे, टेनिस. त्यांतील एक नाव ऋतुजा भोसले हिचे आहे.

ऋतुजाचा जन्म १९९६ साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरचा. श्रीरामपूर हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा मुलूख. तेथे जन्मलेली ही मुलगी टेनिसच्या बळावर अमेरिकेतील टेक्सास राज्यात गेली आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या महिला संघाकडून खेळू लागली. हे विद्यापीठ ज्या गावी आहे, त्याचे नाव 'कॉलेज स्टेशन'. महाविद्यालयासाठी आगगाडी जेथे थांबे, त्या स्थानकावरूनच गावाला हे नाव पडले. विद्येभोवती गाव वसले, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

टेनिस हा एरव्ही एकट्याचा खेळ. हरलो तर आपण, जिंकलो तर आपण! अमेरिकन विद्यापीठांत मात्र तो संघाचा खेळ होतो. दोन विद्यापीठांच्या सामन्यात प्रथम दुहेरीच्या तीन लढती होतात. त्यांपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. मग एकेरीच्या सहा लढती आणि प्रत्येकीला एक गुण. अशा सात गुणांपैकी चार जो संघ आधी मिळवील, तो विजयी. त्यामुळे सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूची लढतही पहिल्या क्रमांकाच्या लढतीइतकीच मोलाची ठरते. आपली लढत संपली, तरी खेळाडू घरी जात नाही. शेजारच्या मैदानावर झुंजणाऱ्या सोबत्याला तो ओरडून धीर देतो. दूरच्या सामन्याला जाताना पिशवीत रॅकेटबरोबर पुस्तकेही असतात, आणि प्रवासात टाचणे वाचून परतल्यावर परीक्षा द्यावी लागते.

अशा शिस्तीतून गेलेल्या ऋतुजाने पुढे देशाचे प्रतिनिधित्व केले. २०२० सालच्या मार्चमध्ये दुबई येथे भारताच्या महिला संघाने फेडरेशन चषकाच्या प्ले-ऑफ फेरीत प्रथमच प्रवेश मिळविला. सानिया मिर्झा आणि अंकिता रैना यांच्यासमवेत ऋतुजाही त्या संघात होती.

तिच्या आयुष्यातील मोठा दिवस ३० सप्टेंबर २०२३ रोजी उगवला. चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या. मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात ऋतुजा आणि रोहन बोपण्णा ही भारतीय जोडी चायनीज तैपेईच्या जोडीसमोर उभी होती. बोपण्णाचे वय ४३ वर्षांचे, ऋतुजाचे २७ वर्षांचे. त्याच्या गाठी दोन दशकांचा अनुभव. तिचा असा सामना पहिलाच. पहिला सेट भारताने २-६ असा गमावला. सुवर्णपदक हातातून निसटते की काय, असे वाटू लागले. अशा वेळी एकट्या खेळाडूचे हातपाय गळतात. पण जोडीच्या खेळात एकाने दुसऱ्याला सावरावयाचे असते. दोघांनी कंबर कसली. दुसरा सेट त्यांनी ६-३ असा जिंकला. निर्णयासाठी आता दहा गुणांची अखेरची झुंज होती. तीत जो आधी दहा गुण मिळवील आणि दोन गुणांनी पुढे असेल, तो विजेता. ती झुंज भारताने १०-४ अशी जिंकली. राष्ट्रगीताचे सूर निनादले आणि श्रीरामपूरच्या मुलीच्या गळ्यात आशियाई सुवर्णपदक पडले.

ऋतुजा या वाटेवर एकटी नाही. पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाकडून खेळला. २०२४ साली कझाकस्तानातील अल्माटी येथे रित्विक बोल्लिपल्ली याच्यासह त्याने व्यावसायिक टेनिसमधील दुहेरीचे विजेतेपद पटकावले. या दोघांच्या आधी सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे अमेरिकेचे विद्यापीठीय एकेरी विजेतेपद जिंकले होते. २०१० सालच्या ग्वांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत त्याने एकेरीचे सुवर्णपदक मिळविले. आणि दुहेरीचे सुवर्णपदक जिंकताना त्याचा जोडीदार होता सनम सिंग, त्याच व्हर्जिनिया विद्यापीठाचा विद्यार्थी!

या यशाचे कौतुक करताना दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. ही वाट सुकर नाही. शिष्यवृत्ती मिळण्याइतका खेळ येईपर्यंत आईवडिलांना रॅकेट, प्रशिक्षण आणि प्रवास यांवर कित्येक वर्षे खर्च करावा लागतो. कारखान्यातील नोकरदाराला तो सहज पेलत नाही. अठराव्या वर्षी घरापासून हजारो कोस दूर, परक्या भाषेत शिकावे लागते. सणाच्या दिवशी पुरणपोळी आठवते आणि डोळे भरून येतात. शिवाय इतके करूनही प्रत्येकाला पदक मिळत नाही. पुष्कळ खेळाडू चार वर्षे खेळतात आणि पुढे अभियंते, शिक्षक किंवा व्यवसायी होतात. पण त्यांचे काही बुडाले असे म्हणता येईल काय? त्यांच्या हाती पदवी असते आणि अंगी झुंजण्याचे बळ असते. खेळ संपला, तरी माणूस संपत नाही, हाच या व्यवस्थेचा खरा लाभ होय.

आणि त्यासाठी सर्वांनी सातासमुद्रापलीकडे जावे असेही नाही. पुण्याची वैष्णवी आडकर हिने २०२५ साली जर्मनीत झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत टेनिसच्या महिला एकेरीचे कांस्यपदक मिळविले. तेथे ती भारताच्या विद्यापीठीय खेळाडू म्हणूनच उतरली होती. वर्ग आणि मैदान यांचे सख्य आपल्या देशातही जुळू शकते. मात्र त्यासाठी खेळाडूला दोन्ही ठिकाणी वेळेवर हजर राहावे लागते, आणि त्याच्या शाळेने त्याच्या पाठीशी उभे राहावे लागते.

पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या घरात आजही एक पिशवी खुंटीला लागत असेल. ती कायमची लागू नये, ही जबाबदारी एकट्या मुलाची नव्हे. आईवडिलांची, शिक्षकांची आणि शाळेचीही आहे. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले. प्रत्येकाने तेवढे करावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण सामन्यासाठी गेलेल्या मुलाचा बुडलेला पाठ पुन्हा समजावून देणे, किंवा मैत्रिणीने आपली वही तिला आणून देणे, एवढे तर कोणालाही करता येईल. खुंटीवरची पिशवी पुन्हा खांद्यावर चढण्यास कधी कधी एवढेही पुरते.

स्वाध्याय

१. दहावीचे वर्ष जवळ आले, की खेळाडू मुलांच्या घरी कोणता प्रश्न उभा राहतो? वडील आणि मुलगा या दोघांचेही म्हणणे खरे का आहे?
२. प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबा जाधव यांना कोणते साहाय्य केले?
३. 'खेळाडू हा प्रथम विद्यार्थी असला पाहिजे.' हे तत्त्व अमेरिकन विद्यापीठांच्या कोणत्या नियमांतून दिसते?
४. एकट्याचा टेनिस खेळ तेथे संघाचा खेळ कसा होतो, ते आपल्या शब्दांत सांगा.
५. हांगझोऊ येथील अंतिम सामन्याचे वर्णन आठ-दहा ओळींत लिहा.
६. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : पाठीशी उभे राहणे, प्राणास मुकणे, हातपाय गळणे, कंबर कसणे.
७. तुमच्या वर्गातील एखादा खेळाडू सामन्यासाठी आठवडाभर गावाला गेला, तर त्याचा अभ्यास भरून काढण्यासाठी तुम्ही काय कराल? वर्गात चर्चा करा.