प्रिंटर आणि मुदत संपलेला दाखला

निपाणीहून कोल्हापूरकडे माल धाडताना राज्याची सीमा ओलांडावी लागते, आणि गाडीबरोबर बिल द्यावे लागते. ट्रक भरून उभा असावा आणि पेढीतील प्रिंटरने छापण्याचे नाकारावे, यासारखी अडचण नाही. शाई, कागद, वायर सारे शाबूत असेल, तर आम्ही दाखला पाहावयास सांगतो.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते; मुदत टळली की अचूक काटाही कायद्याने चालत नाही. नेटवर्कवरील प्रिंटरही संगणकास सुरक्षा-प्रमाणपत्र दाखवितो. त्याची मुदत संपली की संगणक त्यावर विश्वास ठेवीत नाही.

प्रथम प्रिंटरमधील तारीख बरोबर आहे का, ते पाहावे. मग ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता घालून प्रमाणपत्राची अखेरची तारीख वाचावी. ती उलटली असल्यास सुरक्षेच्या पानावर नवे प्रमाणपत्र तयार करावे, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा आणि संगणकास नव्याने जोडावा. तोवर यूएसबी वायरने काम भागते.

सुरक्षा-तपासणीच कायमची बंद करणे म्हणजे न तोलता पोती देणे होय. काट्याच्या तारखेशेजारी ही तारीखही, व्यापारी बंधूंनी, वहीत टिपून ठेवावी.