ओळखीच्या शब्दांचा दगा

जुनें इंग्रजी पुस्तक हातीं आलें म्हणजे विद्यार्थी प्रथम कोणत्या शब्दांस भितात, हें आम्हांस ठाऊक आहे. ‘अनॉन’, ‘बिटाइम्स’, ‘पेराडव्हेंचर’ असे शब्द दिसले कीं त्यांच्या कपाळास आठ्या पडतात. वास्तविक हे शब्द निरुपद्रवी होत. आपण परके आहोंत हें ते लपवीत नाहींत. त्यामुळें वाचक थांबतो, कोश उघडतो, आणि ‘लवकरच’, ‘वेळीं’, ‘कदाचित्’ असा अर्थ मिळवून पुढें जातो. खरा दगा देतात ते ओळखीचे शब्द. ते रोजच्याच वेषांत उभे असतात, आणि त्यांचा अर्थ कोणास विचारावा असें वाचकाच्या मनांतहि येत नाहीं.

‘लेट’ हेंच क्रियापद घ्या. 1611 सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलांत तें बहुधा ‘होऊं देणें’ या अर्थीं येतें. परंतु कांहीं ठिकाणीं ‘अडविणें’ या अगदीं उलट अर्थीं येतें. हे मूळचे दोन निराळे शब्द. प्राचीन इंग्रजींत त्यांचीं रूपेंहि निराळीं होतीं. पुढें उच्चार झिजून तीं एक झालीं. एकाच तोंडानें ‘जा’ आणि ‘थांब’ म्हणणारा शब्द व्यवहारांत फार दिवस कसा टिकावा? अडविणारा ‘लेट’ मागें पडला. तरी टेनिसच्या मैदानावर तो अजून ऐकूं येतो, आणि आपल्या पासपोर्टावरील विनंतींत ‘हिंड्रन्स’ या सोबत्याच्या आधारानें उभा आहे.

त्याच ग्रंथांत उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत मनुष्यास बीं देणाऱ्या वनस्पती व झाडांचीं फळें दिलीं आहेत, आणि त्यांना ‘मीट’ म्हटलें आहे. शाकाहारी घरांतील मुलानें येथें गोंधळावें हें साहजिकच आहे. कारण आज मीट म्हणजे मांस. त्या काळीं मात्र कोणतेंहि अन्न म्हणजे मीट. मिठाईला ‘स्वीटमीट’ म्हणतात त्यांत हा जुना अर्थ शिल्लक आहे. पेढ्यांत मांस कोठून येणार? तसेंच ‘सफर’. लहान मुलांना येशूकडे येऊं द्यावें, या प्रसिद्ध वचनांत इंग्रजी शब्द ‘सफर’ असा आहे. त्याचा अर्थ ‘येऊं देणें’. मुलांच्या दुःखाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

अर्थ असा बदलतो तरी कां? ‘प्रिव्हेंट’ या शब्दाचें मूळ लॅटिन आहे, आणि त्याचा मूळ अर्थ केवळ ‘आधीं येणें’ एवढाच. परंतु जो आधीं येऊन वाटेंत उभा राहतो, तो मागून येणाऱ्यास सहज अडवितो; म्हणून हळूहळू अडविणें हाच मुख्य अर्थ झाला. 1881 सालीं नव्या कराराचें सुधारलेलें इंग्रजी भाषांतर निघालें, तेव्हां जेथें ‘आधीं जाणें’ असा अर्थ होता तेथून हा शब्द काढावा लागला.

कधीं अर्थ आकुंचन पावतो. ‘डिअर’ म्हणजे पूर्वीं कोणताहि पशु. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकांत उंदरांचीहि गणना त्यांतच केली आहे. आज तो शब्द हरिणापुरता उरला. आणि आपला ‘मृग’? संस्कृतांत तोहि प्रथम पशुमात्राचा वाचक. म्हणूनच सिंह हा मृगेंद्र. दोन दूरच्या भाषांत दोन शब्दांनीं नेमकी एकच वाट धरावी, ही आम्हांस मोठी मौजेची गोष्ट वाटते. ‘नाइस’ म्हणजे एके काळीं अज्ञानी, आणि ‘सिली’ म्हणजे धन्य, हें सांगितल्यास वर्गांत हशा पिकतो. पण आपला ‘भोळा’ हा शब्दहि आज स्तुति करतो कीं निंदा, हें बोलणाऱ्याच्या स्वरावरूनच ठरवावें लागतें.

पालकांस एक विनंती. मुलांसाठीं कोश घ्याल तो शब्दाचे जुने अर्थहि देणारा घ्यावा. या कामीं ऑक्सफर्डचा मोठा कोश प्रमाण मानतात. त्याचा पहिला भाग 1884 सालीं निघाला आणि शेवटचा 1928 सालीं. कोणता अर्थ कोणत्या सालीं वापरांत होता, हें त्यांत उताऱ्यांनिशीं दाखविलें आहे. तेवढा ग्रंथ घरीं ठेवणें सर्वांस शक्य नाहीं. त्याच्या लहान आवृत्त्याहि चांगल्या उपयोगीं पडतात.

राहतां राहिला ‘दाऊ’. तो आतां प्रार्थनेंत व काव्यांतच विशेष भेटतो. यामुळें तो मोठ्या आदराचा शब्द असावा असें पुष्कळ इंग्रजी वाचकांसहि वाटतें. वस्तुतः तो आपला साधा ‘तूं’. मराठी मुलास हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. देवाला आणि आईला तो ‘तूं’च म्हणतो, आणि गुरुजींना ‘आपण’. ‘दाऊ’पुढें ‘हॅस्ट’, ‘गोएस्ट’ अशीं क्रियापदें पाहून मात्र तो दचकतो. त्यानें तीं ‘तूं आहेस’, ‘तूं जातोस’ यांच्याशेजारीं ठेवून पाहावीं. दोहोंकडील हा ‘स’ एकाच प्राचीन मूळभाषेंतून आलेला आहे.